साप नवरा, हंस बायको

वाचकहो, आपल्याकडच्या लग्नातला आंतरपाट तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. नवरानवरी समोरासमोर उभी असतात, मध्ये दोघांनी धरलेले कापड असते, मंगलाष्टके चाललेली असतात आणि मंडळी मुठीत अक्षता धरून ताटकळत असतात. कापडाच्या अलीकडे नवरी. पलीकडे कोण? आजच्या मुलीने त्याला आधी पाहिलेले असते, त्याच्याशी ती फोनवर बोललेलीही असते. पण तिच्या पणजीच्या वेळची गोष्ट निराळी होती. आंतरपाट सरकला तेव्हाच पहिल्यांदा तोंड दिसलं, आणि तेही खाली मान घालून, अर्धंमुर्धं, असे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका आपल्या प्रत्येक गावात होत्या.

त्या कापडाच्या पलीकडे माणूस असेल, की साप असेल, की अस्वल? हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण जगातल्या कितीतरी देशांच्या लोककथांनी तो विचारला आहे. राजकन्येचे लग्न बेडकाशी, सौदागराच्या मुलीचे श्वापदाशी, ब्राह्मणाच्या मुलीचे सापाशी. आणि उलट बाजूने, कोळ्याची बायको मुळात सागरातली सील, शिकाऱ्याची बायको मुळात हंसीण. माणूस आणि पशू यांच्या प्रीतीच्या या गोष्टींचे आज आपल्याला काय करायचे आहे, असे कोणी म्हणेल. मला वाटते, करायचे पुष्कळ आहे. या गोष्टी वरवर जनावरांच्या असल्या, तरी आतून लग्नाच्या आहेत. आणि लग्नाबद्दलचा एक जुना, नाजूक प्रश्न त्यांच्या पोटात दडलेला आहे. तो कोणता, हे गोष्टी ऐकता ऐकताच पाहू.

सुरुवात आपल्याच देशातल्या गोष्टीने करू. पंचतंत्राचे अनेक पाठ आहेत. त्यांपैकी पूर्णभद्र नावाच्या जैन पंडिताने ११९९ साली सिद्ध केलेल्या पाठात ही गोष्ट येते.

राजगृह नगरात देवशर्मा नावाचा एक ब्राह्मण होता. त्याच्या बायकोला मूलबाळ नव्हतं. पुष्कळ खटपटी केल्यावर एकदाचं मूल झालं, पण जन्माला आला तो साप! शेजारीपाजारी म्हणाले, फेकून द्या. आईचं काळीज ते! तिनं त्याला न्हाऊ घातलं, मोठ्या भांड्यात ठेवलं, दूधलोणी देऊन वाढवलं. पुढं शेजारच्या घरी लग्न निघालं. वाजंत्री ऐकून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. नवऱ्याला म्हणाली, "माझ्या मुलाचं लग्न कधी करायचं?" तो बिचारा काय बोलणार? म्हणाला, "सापाला मुलगी कोण देईल, बाई?" पण तिचा हट्ट मोडवेना, म्हणून प्रवासाला निघाला. दूरच्या एका नगरात ओळखीच्या माणसाकडे उतरला. बोलता बोलता त्यानं मुलासाठी मुलगी पाहायला निघाल्याचं सांगितलं. यजमानानं मुलगा पाहिला नाही, चौकशी केली नाही. घराणं ओळखीचं, एवढ्यावर मुलगी देऊन टाकली.

मुलगी सासरी आली, तेव्हा खरा प्रकार उघडकीला आला. बरोबरची माणसं म्हणाली, "चल, परत जाऊ." ती म्हणाली, "नाही. एकदा दिलेला शब्द फिरत नाही." आणि तिनं त्या सापाची सेवा मांडली. एका रात्री पेटीतून एक तरुण बाहेर आला. परका पुरुष समजून ती दाराकडे पळाली. तेव्हा तो पुन्हा पेटीतल्या कातीत शिरला, साप झाला, आणि परत माणूस होऊन बाहेर आला. मग तिची खात्री पटली. पहाटे सासऱ्यानं ती कात उचलली आणि विस्तवात टाकली. मुलगा कायमचा माणूस झाला.

शेतकरी बंधूंनो, बांधावर, दगडांच्या फटीत सापाची टाकलेली कात तुम्ही पाहिली आहे. आकार सापाचा, पण आत साप नाही. जुने अंग मागे ठेवून नवे अंग घेऊन निघून जाणारा हा प्राणी ज्यांच्या डोळ्यांसमोर रोज होता, त्यांना अशी गोष्ट सुचावी यात नवल नाही. आपण अजूनही एखादे गाव सुधारले की त्या गावाने कात टाकली असे म्हणतोच.

आता हीच गोष्ट थेट युरोपात जाऊन पाहा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, उत्तर आफ्रिकेतल्या मादौरा गावचा अपुलियस नावाचा लेखक लॅटिन भाषेत लिहीत होता. त्याच्या ग्रंथात सायकी या राजकन्येची गोष्ट आहे. तुझा नवरा सर्पासारखा भयंकर प्राणी असेल, अशी देववाणी होते. तिला नवरीच्या वेशात, पण प्रेतयात्रेसारखी मिरवणूक काढून डोंगरावर नेऊन सोडतात. तिथून ती एका सुंदर वाड्यात पोचते. नवरा येतो तो रात्री, काळोखात. अट एकच, की त्याचे तोंड पाहायचे नाही. बहिणींनी मनात विष कालवले म्हणून एका रात्री ती दिवा लावते. पाहते तो काय, साप नाही, राक्षस नाही, खुद्द प्रेमाचा देव क्युपिड! दिव्यातले गरम तेल त्याच्या खांद्यावर सांडते, तो जागा होऊन निघून जातो. मग पुढे सासूच्या, म्हणजे व्हीनस देवीच्या, हाताखाली तिचा छळ होतो. धान्याचा मिसळलेला ढीग संध्याकाळच्या आत निवडायचा, असली कामे सासू सांगते, मुंग्या येऊन तिला मदत करतात आणि अखेर नवराबायकोची भेट होते. सासूने धान्य निवडायला बसवलेली ही सून दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन साम्राज्यातली आहे, पण आपल्या बायकांना ती परकी वाटणार नाही.

नॉर्वे देशात आस्ब्यर्नसेन आणि मो या दोघा मित्रांनी १८४० नंतरच्या वर्षांत खेड्यापाड्यांतून गोष्टी गोळा केल्या. त्यांत एक गोष्ट पांढऱ्या अस्वलाची आहे. एका गरीब माणसाचं घर पोरांनी भरलेलं. एका वादळी रात्री खिडकीवर टकटक झाली. बाहेर पांढरं अस्वल. ते म्हणालं, "धाकटी मुलगी दे, तुला श्रीमंत करतो." मुलीला विचारलं, तर ती साफ नाही म्हणाली. बापानं अस्वलाला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं आणि मधल्या दिवसांत मुलीची समजूत घातली. घरात पैसा येईल, तुझंही भलं होईल. अखेर ती आपले फाटके कपडे धुऊन नेसली आणि अस्वलाच्या पाठीवर बसून निघाली. पुढची गोष्ट बरीचशी सायकीसारखीच आहे. काळोखातला नवरा, मेणबत्ती, चरबीचे तीन थेंब, वियोग आणि मग नवऱ्याला शोधत केलेला लांबचा प्रवास.

आणि या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट फ्रान्सची. गॅब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह या बाईंनी ती १७४० साली मोठ्या माणसांसाठी लांबलचक लिहिली. १७५६ साली मादाम ल प्रँस द बोमाँ या शिक्षिकेने ती आटोपशीर करून मुलींच्या वाचनासाठी दिली, आणि जगभर पसरली ती ही दुसरी. शिक्षकमित्रांनी लक्षात ठेवावे असे आहे, की ही जगप्रसिद्ध गोष्ट एका बाईंनी वर्गातल्या मुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. सौदागराची जहाजे बुडतात. धाकट्या मुलीने मागितला म्हणून तो एका ओसाड वाड्याच्या बागेतला गुलाब तोडतो. वाड्याचा मालक श्वापद असते. ते म्हणते, "एक तर तू मर, नाही तर मुलगी पाठव." मुलगी बापासाठी जाते. आणि मग त्या वाड्यात रोज रात्री जेवणाच्या वेळी श्वापद तिला विचारते, "माझ्याशी लग्न करशील?" ती म्हणते, "नाही." ते उसासा टाकून निघून जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. असे महिनेच्या महिने. बापाला भेटायला ती आठ दिवसांच्या बोलीवर माहेरी जाते, बहिणींच्या कारस्थानाने तिला उशीर होतो, परत येते तर श्वापद मरायला टेकलेले. तेव्हा ती आपण होऊन होकार देते, आणि श्वापदाचा राजपुत्र होतो.

विद्वानांनी या गोष्टींची मोजदाद केलेली आहे. फिनलंडच्या आन्ती आर्ने यांनी १९१० साली लोककथांना नंबर देण्याची पद्धत काढली, अमेरिकेच्या स्टिथ टॉम्सन यांनी ती वाढवली. हरवलेल्या नवऱ्याचा शोध घेणाऱ्या बायकोच्या गोष्टींना तिथे ४२५ हा नंबर आहे. स्वीडनच्या यान-ओय्विंद स्वान यांनी १९५५ साली या एकाच कुळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यासाठी त्यांनी हजाराच्या आसपास पाठ धुंडाळले होते. एवढ्या ठिकाणी, एवढ्या भाषांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते, तेव्हा तिच्यात माणसाच्या मनातले काही तरी खोल असले पाहिजे.

ते काय आहे? माझ्या मते ते आहे आंतरपाटापलीकडचे भय. लहान वयाची मुलगी, अनोळखी घर, अनोळखी माणसे आणि रात्री शेजारी झोपणारा अनोळखी पुरुष. या भयाला तोंडाने बोलायची सोय नव्हती. सासरी निघालेल्या मुलीने "मला भीती वाटते" म्हणायचे नाही. मग गोष्टीने ते म्हटले. गोष्टीने नवऱ्याला साप केले, अस्वल केले, आणि शेवटी धीर दिला, की बाई गं, कातीच्या आत माणूस असू शकतो. आपल्या बायकांनी जात्यावर बसून ओव्यांतून जे केले, तेच सर्वत्रच्या आज्यांनी या गोष्टींतून केले.

आता या गोष्टींची दुसरी बाजू पाहा. नवरा जनावर असलेल्या गोष्टी आपण पाहिल्या. बायको जनावर असलेल्या गोष्टींचा रंग मात्र अगदी वेगळा आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे आहेत. तिथल्या समुद्रात सील हे प्राणी असतात. तिथले कोळी गोष्ट सांगतात, की काही सील चांदण्या रात्री किनाऱ्यावर येऊन कातडी उतरवतात आणि बायका होऊन नाचतात. एका माणसानं एकीचं कातडं चोरून लपवलं. तिला समुद्रात परत जाता येईना. तिनं त्याच्याशी संसार केला, मुलं झाली. रांधावाढायची, मुलांना जपायची, पण संध्याकाळी दर्याकडे बघत बसायची. एक दिवस मुलांना माळ्यावर एक मऊ कातडं सापडलं. त्यांनी ते आईला दाखवलं. तिनं मुलांचे मुके घेतले, कातडं पांघरलं, आणि समुद्रात गेली ती गेलीच. हंसिणीची गोष्ट युरोप-आशियाभर सांगतात, तीही अशीच आहे. पिसांचा झगा चोरला की बायको मिळते, आणि झगा सापडला की उडून जाते.

जपानात थोडी निराळी तऱ्हा आहे. एका गरीब माणसाने सारसासारख्या एका पक्ष्याला वाचवले. पुढे एक तरुणी दाराशी आली, त्याची बायको झाली. दार लावून ती मागावर बसे आणि अपूर्व कापड विणी. "मी विणत असताना आत पाहू नका" एवढेच तिचे म्हणणे. कापडाला भाव येऊ लागला, तशी त्याला हाव सुटली. अखेर त्याने फटीतून पाहिलेच. आत एक पक्षीण आपल्या अंगाची पिसे उपटून ती कापडात विणत होती. त्याने पाहिले हे कळताच ती उडून गेली. या गोष्टीवर किनोशिता जुंजी यांनी १९४९ साली लिहिलेले नाटक जपानमध्ये फार नावाजले.

आपल्याकडे पुरूरवा आणि उर्वशी यांची कथा ऋग्वेदाइतकी जुनी आहे. शतपथ ब्राह्मणात ती विस्ताराने येते. तिथेही अट आहे, अट मोडते, उर्वशी नाहीशी होते, आणि शोधत फिरणाऱ्या राजाला ती कमळांच्या तळ्यात इतर अप्सरांबरोबर जलपक्ष्यांच्या रूपात दिसते.

या दोन्ही तऱ्हा शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. नवऱ्याचे कातडे जळते, तेव्हा तो सुटतो. बायकोचे कातडे लपवतात, तेव्हा ती अडकते. पहिल्या तऱ्हेत मुलगी जनावराच्या घरी जाते, राहते, त्याला ओळखते, आणि गोष्ट गोड होते. दुसरीत पुरुष चोरी करून बायको आणतो, आणि गोष्ट कधीच टिकाऊपणे गोड होत नाही. दहा वर्षे संसार होवो, चार मुले होवोत, कातडे सापडले की ती जाते. लोककथा नीतिपाठ देत बसत नाही, पण इथे तिने निवाडा दिलेला आहे. चोरून आणलेली सोबत ही सोबत नव्हे.

आपल्या मराठी घरांत हाच नाग एका वेगळ्या नात्याने येतो. श्रावणात नागपंचमीची कहाणी तुम्ही ऐकली असेल. आटपाट नगरातल्या धाकट्या सुनेला माहेरचं कोणी नव्हतं. बाकीच्या जावा माहेरच्या गोष्टी काढायच्या, ही गप्प बसायची. मनात म्हणायची, नागोबाच माझं माहेर. शेषाला दया आली. तो ब्राह्मणाच्या वेषात तिचा मामा म्हणून आला आणि तिला आपल्या घरी घेऊन गेला. तिथं तिच्या हातून दिवा पडला, नागाच्या पिल्लांची शेपटं भाजली. पुढं ती पिल्लं सूड घ्यायला तिच्या घरी आली, तर ही पाटावर नाग काढून, लाह्या-दूध ठेवून, आपल्या या भावांची खुशाली मागत होती. त्यांचा राग गेला.

पाहा, भय तेच आहे, पण उत्तर दुसरे आहे. पंचतंत्रात साप नवरा होतो. मराठी कहाणीत तो मामा होतो, भाऊ होतो. ज्या सुनेला पाठीशी कोणी नाही, तिच्या पाठीशी कहाणीने नाग उभा केला. सासरच्या अनोळखी घराला तोंड द्यायला मुलीला काय लागते, हे त्या कहाणी रचणाऱ्या बायकांना पक्के ठाऊक होते. तिला माहेर लागते. परत यायला एक दार उघडे लागते. (कहाणीतला नाग वेगळा आणि शेतातला वेगळा, हे मुलांना जरूर सांगावे. खरा साप दूध पीत नाही, आणि चावला तर मांत्रिकाकडे नव्हे, थेट दवाखान्यात जायचे.)

आता त्या दडलेल्या प्रश्नाकडे वळू. या सगळ्या गोष्टींत मुलीला कोणी विचारले?

पंचतंत्रातल्या मुलीला बापाने विचारले नाही. दारात पोचल्यावर मात्र तिला परतीची वाट होती, ती तिने घेतली नाही. तिचा निर्णय होता की बापाच्या शब्दाचा मान, हे वाचणाऱ्याने ठरवावे. अस्वलाच्या गोष्टीत मुलीला विचारले, तिने नाही म्हटले, आणि तरी घरच्यांनी समजूत घालून पाठवले. अशी समजूत घालणे आपण आपल्या गावात पाहिले नाही काय? सीलच्या गोष्टीत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आणि फ्रान्सच्या गोष्टीत श्वापद रोज विचारते, आणि रोज नकार मिळाला तरी अंगावर धावून येत नाही, जेवण बंद करत नाही, टोमणा मारत नाही. दिसायला ते श्वापद आहे, पण या एका वागण्याने ते पहिल्या दिवसापासून माणूस आहे. राजपुत्र ते शेवटच्या पानावर होते, एवढेच.

तरी या गोष्टीतही एक खोट आहे, ती झाकून ठेवू नये. मुलगी त्या वाड्यात गेली ती बापाचा जीव वाचवायला. नाही म्हणण्याची मोकळीक तिला आत गेल्यावर मिळाली, आत जाताना नव्हती. आणि दुसरा धोका त्याहून मोठा. या गोष्टीचा असाही अर्थ काढता येतो, की नवरा कितीही आडदांड असला तरी तू सोसत राहा, प्रेम करत राहा, एक दिवस त्याचा राजपुत्र होईल. हा अर्थ ऐकून किती मुलींनी आयुष्य काढले असेल! तेव्हा स्पष्ट सांगायला हवे. गोष्टीतले श्वापद कुरूप होते, क्रूर नव्हते. कुरूपतेच्या आत माणूस सापडू शकतो. मारहाणीच्या आत तो सापडेल म्हणून वाट पाहत बसायचे कारण नाही.

गंमत पाहा. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहातली पहिलीच गोष्ट बेडूक राजाची आहे. राजकन्येने मुका घेतला आणि बेडकाचा राजपुत्र झाला, असे आज सर्रास सांगतात. ग्रिमच्या पुस्तकात तसे नाही. बाप वचन पाळायची सक्ती करतो, बेडूक अंथरुणात यायचा हट्ट धरतो, तेव्हा राजकन्या संतापून त्याला उचलून भिंतीवर आपटते, आणि तेव्हा तो राजपुत्र होतो! तिने सोसले म्हणून नव्हे, ती भडकली म्हणून शाप सुटला.

अलीकडच्या अद्भुत कथा-कादंबऱ्यांनी हाच धागा उचलला आहे. अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेने १९७९ साली या जुन्या गोष्टी नव्याने लिहिल्या. तिच्या एका कथेत बाप मुलीला पत्त्यांच्या जुगारात वाघाजवळ हरतो. शेवटी वाघाचा माणूस होत नाही, मुलगीच आपली कातडी टाकून वाघीण होते. १९९१ साली अमेरिकेत डिस्नीने फ्रान्सच्या गोष्टीवर काढलेल्या चित्रपटातली नायिका पुस्तकवेडी आहे, आणि गावातला देखणा पण उर्मट तरुण हाच तिथे खरा पशू ठरतो. २००१ सालच्या 'श्रेक' या चित्रपटात शाप सुटल्यावर राजकन्या सुंदर होत नाही, ती राक्षसीणच राहते, आणि त्यातच सुखी होते. २०१७ साली गिलेर्मो देल तोरो यांचा 'द शेप ऑफ वॉटर' हा चित्रपट आला. त्यात सरकारी प्रयोगशाळेत फरशी पुसणारी एक मुकी बाई आणि तिथे कोंडलेला एक जलप्राणी यांची प्रीती आहे. तो अखेरपर्यंत जलप्राणीच राहतो.

सर्वांत बोलके उदाहरण सारा जे. मास या लेखिकेच्या कादंबऱ्यांचे आहे. जगभरच्या तरुण मुली त्या वाचतात. २०१५ सालच्या पहिल्या भागात शिकार करून घर चालवणारी एक गरीब मुलगी लांडगा मारते, म्हणून एक श्वापदरूपी सरदार तिला आपल्या राज्यात नेतो, आणि तिचे त्याच्यावर प्रेम बसते. जुनी गोष्ट इथे संपली असती. पण २०१६ सालच्या दुसऱ्या भागात तोच सरदार तिला जपायच्या नावाखाली घरात कोंडून ठेवतो, आणि ती त्याला सोडून जाते. आता श्वापदाचे रूप गेल्यावरसुद्धा नायिका विचारते, की हा माणूस माझे ऐकतो का?

आपल्याकडे गिरीश कार्नाड यांनी हा प्रश्न आधीच मांडला होता. त्यांचे 'नागमंडल' हे कन्नड नाटक १९८८ साली आले, कर्नाटकातल्या लोककथांवर रचलेले. राणीचा नवरा अप्पण्णा तिला घरात कुलूप लावून बाहेरख्याली करतो. नाग रात्री नवऱ्याचे रूप घेऊन येतो, तिच्याशी मायेने बोलतो. बाहेरून माणूस तो वागतो जनावरासारखा, आणि खरे जनावर वागते माणसासारखे. पंचतंत्रातली गोष्ट कार्नाडांनी अशी उलटी करून आपल्यासमोर ठेवली.

शिक्षकमित्रहो, आता थोडे तुमच्यासाठी. या गोष्टी वर्गात सांगाव्यात का? जरूर सांगाव्यात. अट एवढीच, की गोष्ट संपल्यावर तात्पर्य फळ्यावर लिहून मोकळे होऊ नये. मुलामुलींना विचारावे. या मुलीला कोणी विचारले का? ती नाही म्हणाली असती तर काय झाले असते? कातडे कोणी लपवले, आणि लपवणाऱ्याला ते आपल्या बायकोचे आहे हे ठाऊक होते ना? वर्गातल्या मुलग्यांना हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारावा. गोष्टी मुलींच्या म्हणून मुलगे मागच्या बाकावर हसत बसतात, पण यांतल्या निम्म्या गोष्टी मुलग्यांसाठीच सांगितलेल्या आहेत.

आणि गोष्टीपलीकडेही एक काम आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे लग्नाला मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण व्हावे लागते. आठवी-नववीतली एखादी मुलगी अचानक शाळेत येईनाशी झाली, घरी मांडवाची तयारी दिसली, तर गुरुजींनी, बाईंनी घरी जाऊन बोलावे. ऐकले नाही तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या फोनवर कळवावे. त्या मुलीला ना कोणी विचारलेले असते, ना तिला नागोबाचे माहेर असते. तिच्यासाठी आपणच मामा व्हायचे.

आयाबायांनो, तुमच्याजवळ अशा गोष्टी अजून असतील. सापाच्या, माकडाच्या, पोपटाच्या, कोणाला कुठल्या आजीने सांगितलेल्या. त्या नातवंडांना सांगा, शाळेतल्या पोरांकडून वहीत उतरवून घ्या. सांगताना शेवट बदलावासा वाटला तर खुशाल बदला. तुमच्या आजीनेही तो बदललेलाच असेल.

आंतरपाट अजूनही धरतात, आणि धरावा. तो सरकण्याचा क्षण गोडच आहे. पण कापडाच्या अलीकडे उभी असलेली मुलगी आपल्या पायांनी आणि आपल्या मनाने तिथे आली आहे ना, एवढे अक्षता टाकण्याआधी आपण पाहून घ्यावे.